पाच वाजले, घरी या

आखाजीचा सण जवळ आला की जळगावात माणूस माणसाशी धड बोलत नाही. दुपारी बारापासून रस्ते ओस पडतात, दुकानदार अर्धं शटर ओढून आत लवंडतात, आणि नळ सोडला तर सरळ चहापत्ती टाकावी असं पाणी येतं. या दिवसांत मी दरवर्षी एक गोष्ट करते. खोलीची खिडकी लावून घेते, कूलरमध्ये दोन बादल्या पाणी ओतते आणि एक जपानी ॲनिमे पहिल्या भागापासून बाराव्या भागापर्यंत बघून काढते. त्यात सुरुवातीपासून शेवटपर्यंत बर्फ पडत असतं. बाहेर पारा पंचेचाळीसच्या वर, आणि मी ओढणीने मान पुसत बर्फ बघत बसलेली असते.

हे मी कोणाला सांगत नाही. मी एका खाजगी क्लासमध्ये दहावीला गणित शिकवते, आणि गणिताच्या बाईंनी कार्टून बघायचं नसतं. मागे एकदा एका मुलीला माझ्या मोबाइलच्या पडद्यावर दोन मुलींचं चित्र दिसलं. "मॅडम, तुम्ही ॲनिमे बघता?" असं तिनं विचारलं ते मी विडी ओढताना सापडल्यासारखं. मी म्हटलं, एकच बघते, तेच तेच बघते. "का पण?" ती म्हणाली. मी तिला फळ्यावर बोलावून वर्गसमीकरण सोडवायला लावलं. दुसरं काय करणार? तिच्या प्रश्नाचं उत्तर द्यायला मला सात वर्षं मागे जावं लागलं असतं, चोपड्याला, केळीच्या वखारीत.

त्या ॲनिमेचं नाव मी सांगणार नाही. ते दोघींचं आहे आणि दुसरीला विचारल्याशिवाय मला सांगता यायचं नाही. गोष्ट सांगते. समुद्राकाठचं एक गाव. तिथं कित्येक वर्षं बर्फ पडतंय आणि थांबत नाही. का पडतंय ते कोणी सांगत नाही, आणि मला ते फार खरं वाटतं, कारण जग बुडताना खुलासा करत बसत नाही. माणसं बोटींमधून निघून गेली. मागे राहिल्या दोन शाळकरी मुली. एकीच्या डोक्यावर कानापर्यंत ओढलेली लोकरीची टोपी, म्हणून आम्ही तिला टोपडी म्हणायचो. दुसरी चष्मी. त्या गावात पूर्वी रोज संध्याकाळी पाच वाजता भोंग्यावर एक धून वाजायची, खेळणाऱ्या पोरांनी घरी जावं म्हणून. गाव रिकामं झाल्यावरही या दोघी ती धून रोज वाजवतात आणि मग माईकवर म्हणतात, "पाच वाजले. घरी या." यायला कोणी नसतं. तरी म्हणतात.

त्यांचा एक नियम असतो. एकीनं बाहेर जाऊन बर्फात गाडलेल्या घरांमधून खाण्याचं, जळणाचं शोधून आणायचं, आणि ती परत येईपर्यंत दुसरीनं माईकसमोर बसून बोलत राहायचं. बाहेर सगळं पांढरं, दिशा कळत नाही, आवाजाच्या रोखानं चालत यायचं. मग काय बोलायचं? काहीही. सकाळी काय खाल्लं, शाळेतल्या कोणत्या बाईंचं नाक कसं होतं, कोणाची सायकल कोणी पळवली होती. मैत्री म्हणजे काय याची आजवर मी जी काही व्याख्यानं ऐकली, त्यांत एवढं साधं काही नव्हतं. एकीनं चालायचं, एकीनं बोलायचं.

हर्षीनं हे शोधून काढलं होतं. हर्षदा, माझी मैत्रीण. बी.एस्सी.ची शेवटची परीक्षा संपली होती, निकाल लागायचा होता, आणि तिचं लग्न ठरलं होतं. धुळ्याचं स्थळ, शेती, शेतात बंगला, मुलगा एकुलता एक. पत्रिका छापून झाल्या होत्या. तारीख आखाजीनंतर आठ दिवसांची. बारा भाग होते आणि हर्षीनं हिशेब करून सांगितलं होतं की रोज एक बघितला तर आखाजीच्या दोन दिवसांनंतर संपेल.

तिचे वडील, सगळे त्यांना नाना म्हणायचे आणि तीही नानाच म्हणायची, चोपड्याबाहेरच्या एका वखारीत देखरेखीला होते. शेतातून आलेली हिरवीगार केळी तिथं थंड खोल्यांमध्ये क्रेट रचून ठेवतात आणि चार-पाच दिवसांत ती पिवळी होऊन बाहेर पडतात. सगळा तालुका होरपळत असताना त्या खोल्यांत सोळा-सतरा अंश. आम्हाला दुसरं काय हवं? भाग घरीच मोबाइलवर उतरवून घ्यायचे, ओढणीत तोंड गुंडाळून सायकलनं वखार गाठायची, नानांचा जुना खाकी स्वेटर दोघींत एक बाही एक बाही करून घालायचा, आणि क्रेटला मोबाइल टेकवून बसायचं. पडद्यावर बर्फ, अंगावर शहारा, नाकात अर्ध्या कच्च्या केळीचा तुरट वास. मेच्या तोंडावर सबंध खानदेशात थंडीनं नाक गळणाऱ्या आम्ही दोघीच असू. हर्षीच्या घरात मला ओट्यापर्यंतच बसवणारी एक काकू होती. वखारीत ओटा नव्हता, दोघी एकाच उलट्या क्रेटवर बसायचो.

इंग्रजीत खाली येणारा मजकूर मी वाचून सांगायची आणि हर्षी तो अहिराणीत बोलून दाखवायची. टोपडी तीन तास उशिरा परतली की चष्मी रडत रडत जपानीत काहीतरी म्हणायची, आणि हर्षी तिच्या वतीनं, कुठं मेली होतीस अशा थाटात, ओरडायची, "कथा मरी गयी व्हती वं तू?" आम्ही हसून हसून क्रेटवरून खाली पडायचो. जग बुडतंय ही गोष्ट आम्हाला त्या वयात थोडी मजेचीच वाटत होती.

नानांचा मात्र वखारीत एक कडक नियम होता. केळी पिकताना श्वास घेतात, आतली हवा जड होते, माणसाला गुंगी येते, म्हणून आत कोणी असेल तर दार फटभर उघडं ठेवायचं आणि बाहेरच्यानं थोड्या थोड्या वेळानं हाक मारायची. आतल्यानं लगेच ओ द्यायची. ओ आली नाही की कामं टाकून आत धावायचं. हमाल असो की मालक, नियम सगळ्यांना सारखा. नाना लोखंडी कडी दारावर आपटून हाक मारायचे, "हर्षीऽ! सुजाऽ!" मी म्हणायची, "ओ, नाना!" हर्षी डोळे पडद्यावरून न हलवता मला कोपर मारायची, म्हणजे तिची ओ पण मीच द्यायची. मला तिचा आवाज हुबेहूब काढता यायचा. एकदा नानांनी ते पकडलं. दार ढकलून आत आले आणि त्या शांत माणसाचा आवाज पहिल्यांदाच चढलेला मी ऐकला.

"जिनी ओ तिनीच देवानी," ते म्हणाले. "दुसरीनी ओ देसी ते एखादी आठे मरी जाई आनि माले समजनार नही."

मग जरा वरमले, आणि आमच्या पाठीशी उभे राहून पडद्याकडे बघू लागले. "ह्या पोरी एकल्याच शेतस का? यास्ना मायबाप कथा गयात?" हर्षी म्हणाली, गेले सोडून. नानांना ते पटलं नाही. चष्मी तेव्हा माईकसमोर होती. ती काय बोली ऱ्हायनी, त्यांनी मला विचारलं. मी सांगितलं, ती म्हणतेय, पाच वाजले, घरी या. नानांनी मान डोलावली, "चांगलं शे," म्हणाले आणि आमच्या हातात दोन पिवळी केळी देऊन बाहेर गेले.

नववा भाग बघितला त्या दिवशी आम्ही हसलो नाही. दोघी मैत्रिणी भांडतात. कशावरून, ते आता सांगायलाही लाज वाटावी असं क्षुल्लक, एका डब्यातल्या शेवटच्या फळाच्या फोडीवरून. दुसऱ्या दिवशी टोपडी बाहेर जाते आणि चष्मी माईकसमोर बसते, पण बोलत नाही. हिला जरा कळू दे, एवढंच तिच्या मनात असतं. थोडाच वेळ. मग तिचा राग जातो, ती घाईघाईनं बोलायला लागते, आणि तोपर्यंत वारं सुटलेलं असतं. टोपडी येत नाही. त्या रात्री नाही, दुसऱ्या दिवशी नाही. पुढचे तीनही भाग चष्मी फक्त बोलत राहते. शेवटच्या दृश्यात तीही दिसत नाही. नुसता खांबावरचा भोंगा, बर्फ, आणि दूर गेलेला आवाज: पाच वाजले.

बारावा भाग संपल्यावर मी म्हटलं, मेली टोपडी. हर्षी म्हणाली, "नही. ती ऐकी ऱ्हायनी. पन तिले परत येनं नही."

मला तेव्हाच कळायला हवं होतं. कळलं दुसऱ्या दिवशी पहाटे, ती पिशवी घेऊन आमच्या दारात उभी राहिली तेव्हा. सुरतेला लागून असलेल्या उधन्याला तिची एक मैत्रीण साडीच्या पॅकिंगला होती, तिच्या खोलीवर जायचं होतं. कोणी मुलगा होता का? नव्हता. लोकांनी नंतर तीन-चार मुलगे तिच्या नावावर जमा केले, पण नव्हता. तिला काय हवंय ते तिलाच धड सांगता येत नव्हतं, काय नको ते पक्कं होतं. मी तिला नेमकं थांबवलं नाही आणि नेमकं हो पण म्हटलं नाही. पहिल्या एसटीनं अंमळनेरला गेलो. स्टेशनवर सुरतेची गाडी येईपर्यंत आम्ही कलिंगडाच्या फोडी खाल्ल्या. गाडी दिसल्यावर तिनं माझा हात धरला.

"रोज पाचले फोन कर. काहीबी बोल. तू बोलत ऱ्हायनी ते माले समजी, मी कोठे शे ते."

मी म्हटलं, करीन. त्यात काय मोठं.

आता आखाजीचं सांगायला हवं. बाकी महाराष्ट्रात हिला अक्षय्य तृतीया म्हणतात, सोनं घेतात आणि दुसऱ्या दिवशी विसरतात. आमच्या खानदेशात आखाजीला दोन प्रकारची माणसं घरी येतात. एक म्हणजे सासरी गेलेल्या लेकी. त्यांच्यासाठी निंबाला झोके बांधतात, गौराईची गाणी होतात, सगळं गाव झोके बघायला बाहेर येतं. आणि दुसरे पितर. त्यांच्यासाठी कोरी घागर पाण्यानं भरतात, तिच्या गळ्याला लाल दोरा बांधतात, वर छोटं मडकं ठेवून त्यावर डांगर म्हणजे खरबूज, आंबे, रव्याच्या गोड सांजोऱ्या. उंबऱ्यावर एकेका पितराचं नाव घेत कुंकवाचं बोट उठवतात. वर्षभरात घरात कोणी गेलं असेल तर त्याच्या नावाची नवी घागर भरतात. आम्ही बौद्ध, आमच्या घरात श्राद्ध नाही, पितर नाहीत, घागर नाही. लहानपणी मला झोके आवडायचे आणि घागरीचं काही वाटायचं नाही. एकाच दिवशी लेकीही येतात आणि मेलेलेही येतात, हे विचित्र आहे असं मला कधी वाटलं नव्हतं.

हर्षी गेल्यावर तिसऱ्या दिवशी नाना आमच्या घरी आले. विहाराच्या मागची आमची गल्ली, तिथं ते पहिल्यांदाच येत होते. आईनं खुर्ची पुसून दिली. तोपर्यंत हर्षीच्या चुलत भावांनी मोटारसायकली काढल्या होत्या, नाशिक, सुरत, जिथं जिथं पाहुणे होते तिथं माणसं गेली होती. छापलेल्या पत्रिकांची लाज निघाली होती आणि ती कोणाच्या तरी अंगावरून उतरवायची होती. "सापडनी ते तंगडं तोडसुत," असं तिचा एक चुलतभाऊ भर चौकात म्हणाला होता.

नानांनी मला एवढंच विचारलं, "तिना फोन येस का तुले?"

मी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. पाचला तीन मिनिटं होती. "नाही, नाना," मी म्हटलं. आणि दूध आणते म्हणून उठले, विहाराच्या मागं गेले आणि फोन लावला. सांगण्यासारखं काही नव्हतं म्हणून आईनं आज वांग्याचं भरीत केलंय आणि शेजारच्यांची शेळी आमचं तुळशीचं रोप खाऊन गेलीय असं बोलत राहिले. तिकडून हर्षी नुसती हं, हं करत होती. परत आले तर नाना गेलेले होते.

वर्षभर मी एक दिवस चुकवला नाही. काय काय बोलले असेन! चोपड्यातली कोणती गल्ली खोदली, कोणाचं लग्न मोडलं, केळीवर कसला रोग आला. नाना वरचेवर रस्त्यात दिसायचे. ते पुन्हा विचारायचे नाहीत आणि मी सांगायची नाही. मला वाटायचं, मी केवढी विश्वासाची.

आणि पुढच्या आखाजीला नानांनी हर्षीच्या नावाची घागर भरली.

दुपारी आमच्या दारात आले ते हातात झाकलेलं ताट घेऊन. ताटात सांजोऱ्या. "जित्ती ऱ्हाती ते तिनी तुले तरी फोन कया ऱ्हाता," ते म्हणाले. "तिना नावन्या शेतस. खाय ले." माझ्या एका "नाही"वरून त्या माणसानं पोरीला मेलेली धरलं होतं. आतल्या खोलीतून आई बघत होती. आमच्यात हे खात नाहीत हे तिलाही माहीत, मलाही माहीत. आणि मी नानांच्या समोर बसून जिवंत मैत्रिणीच्या श्राद्धाची सांजोरी खाल्ली. गोड होती. रवा चांगला खरपूस भाजलेला होता. ती चव माझ्या जिभेवरून अजून जात नाही.

त्या दिवशी पाचला मी हर्षीला सांगितलं. सांगायला नको होतं, पण एवढं मोठं पोटात ठेवून शेळीच्या गोष्टी कशा करायच्या? पलीकडे पहिल्यांदाच हं आलं नाही. मग ती हसली. "मंग मरेल मानूसले फोन कशाले करस तू?" असं म्हणाली. ती गंमत करत होती. मला ते माहीत होतं. पण मला राग आला. वर्षभर खोटं मी बोललेय, घागरीची सांजोरी मी खाल्लीय, आणि ही हसतेय. मी दुसऱ्या दिवशी फोन केला नाही. तिला जरा कळू दे, एवढंच.

तिसऱ्या दिवशी केला. भांडण वगैरे काही झालं नाही, आमचं भांडण कधीच झालं नाही, आणि तेच मला खातं. पुढच्या वर्षी मला जळगावात नोकरी लागली आणि पाचची बॅच मिळाली. पाचऐवजी सात करू, मी म्हटलं. बरं, ती म्हणाली. सातला कधी तिची कामाची पाळी असायची, कधी मी दमलेली. एक दिवसाआड झालं, मग आठवड्यानं झालं. मग आखाजी आली, नाना एसटीनं चोपड्याहून जळगावला डबा घेऊन आले, मी सांजोरी खाल्ली आणि त्यानंतर महिनाभर तिला फोन करायचं मला तोंडच राहिलं नाही. धीर करून लावला तेव्हा एक बाई म्हणाली की हा क्रमांक अस्तित्वात नाही. मी लगेच पुन्हा लावला. त्या बाईचा आवाज फार सभ्य आहे.

एकदा मी उधन्याला गेलेसुद्धा. पत्ता नव्हता, पॅकिंगचं काम एवढंच माहीत होतं. स्टेशनातून बाहेर आले तर समोर रस्ताभर बायका डोक्यावर साड्यांचे गठ्ठे घेऊन चाललेल्या, अर्ध्याअधिक आपल्याच भागातल्या, अहिराणी बोलणाऱ्या. हाक मारायची तर कोणत्या दिशेला? मी पुलाच्या सावलीत दोन तास उभी राहिले आणि परतीच्या गाडीत बसले. दोंडाईचा येईपर्यंत खिडकीकडे तोंड करून रडले. समोरच्या बाईनं माहेराहून आलीस का म्हणून विचारलं. हो म्हटलं.

तर ते कार्टून मी का बघते, त्याचं उत्तर हे आहे. लोकांना त्यात जगाचा अंत दिसतो. मला नवव्या भागातली ती काही मिनिटं दिसतात, माईकसमोर तोंड मिटून बसलेली मुलगी दिसते. मी दरवर्षी तिथं आले की तिला म्हणते, बोल गं, आता तरी बोल. ती बोलत नाही. सात वर्षांत एकदाही बोलली नाही. आणि पुढचे तीन भाग ती जे करते ते मी केलं नाही, कारण माझ्याकडे एक बॅच होती, भाड्याच्या दोन खोल्या होत्या, आणि नव्या ओळखी होत्या. बर्फ पडत नव्हतं, कोणी मरत नव्हतं. माझं जग अगदी ठाकठीक होतं आणि त्यातच मी तिला हरवलं.

ती कुठं आहे, मला माहीत नाही. आहे का, हेही माहीत नाही. माझा नंबर मी अजून तोच ठेवलाय. तो तिला पाठ होता. तिनं केला नाही. कधी वाटतं, ती ऐकतेय आणि तिला परत यायचं नाही, तिनंच सांगून ठेवलं होतं तसं. आणि कधी दुपारी फळ्यावर लिहिता लिहिता खडू थांबतो, कारण दुसरं काहीतरी मनात आलेलं असतं. ते मी इथं लिहिणार नाही.

या वर्षी आखाजी झाली त्याच्या दुसऱ्या दिवशी नाना आले. दरवर्षी दुपारी बाराच्या आत येतात, या वेळी साडेचार वाजले. एसटी वाटेत बंद पडली होती. वखार त्यांनी केव्हाच सोडलीय, एका डोळ्याचं ऑपरेशन झालंय. मी त्यांना कूलरसमोर बसवलं, माठातलं पाणी दिलं. त्यांनी डबा पुढं केला. या वर्षी दोन घागरी होत्या, हे मला माहीत होतं. हिवाळ्यात हर्षीची आई गेली.

मी सांजोरी तोडली. नाना माझ्या तोंडाकडे बघत होते.

"तिना मायले बी मी सांगं नही," ते म्हणाले.

मला समजलं नाही. काय नाही सांगितलं, नाना?

"का हर्षी जित्ती शे म्हनीसन."

मी हातातला तुकडा परत डब्यात ठेवला. नाना सावकाश बोलत होते, वखारीत क्रेट मोजताना बोलायचे तसे. "त्या दिवशी तुमना घर उनू. मी इचारं आनि तू घड्याळकडे देखं. पाचले तीन मिनिट कमी व्हतात. त्या बर्फनी पोरी माले याद व्हत्यात. मी समजी गऊ." वर्षभर भावाची पोरं शोध सोडेनात. प्रत्येक सणाला कोणीतरी सुरतेला चकरा मारायचं. मग नानांनी घागर भरली. सगळ्या भाऊबंदांना जेवायला बोलावून, सगळ्यांच्या देखत. "मरेल मानूसले कोन धुंडस?" ते म्हणाले. "बठ्ठा गप बसनात. तिना मायना मोठा जीव, पन तिना पोटमा गोष्ट ऱ्हाती नही. म्हनीसन तिले बी रडू दिधं."

"मग दरवर्षी या सांजोऱ्या..." मी म्हटलं.

"तुनं तोंड देखाले येस मी. तू सांजोरी खास, म्हंजे ती बरी शे. तिले काही व्हतं ते तुना घास उतरता नही."

हा माणूस सात वर्षं, सात आखाज्या, एसटीचे धक्के खात माझा घास बघायला येत होता. पोरीला मारून टाकण्याचं धाडस त्यानं कोणाच्या भरवशावर केलं? माझ्या. मी बोलत राहीन या भरवशावर. त्याला वाटत होतं, रोज पाचला कोणीतरी माईकसमोर बसलेलं आहे.

मला सांगायचं होतं. मी "नाना" असं म्हटलंही. भिंतीवरच्या घड्याळात पाच वाजत होते. उन्हाळी सुट्टीची बॅच या आठवड्यात बंद होती, रस्त्यावर कोणी नव्हतं, कूलर घरघरत होता. नानांनी घड्याळाकडे बघितलं आणि या साऱ्या वर्षांत पहिल्यांदा त्यांच्या तोंडावर हसू आलं.

"जाय," ते म्हणाले. "पाच वाजनात. लाव तिले फोन. मी आठेच बससु."

"तुम्ही बोलता?" मी कसंबसं विचारलं. का विचारलं? ते हो म्हणाले असते तर?

नानांनी मान हलवली. "मी घागर भरी तिनी. आते कोनता तोंडे बोलू? तूच बोल. माले आवाज ऐकू येऊ दे, बस."

मी आतल्या खोलीत गेले. दार फटभर उघडं ठेवलं. नंबर लावला. त्या सभ्य बाईनं सांगितलं, हा क्रमांक अस्तित्वात नाही. तिनं मराठीत सांगितलं, मग हिंदीत, मग इंग्रजीत, आणि गेली. मी फोन कानाला तसाच धरला. मी भित्री आहे, नेहमीच होते.

"हर्षी," मी म्हटलं, "पाच वाजले."

मग बोलत राहिले. नाना आलेत म्हटलं, एसटी बंद पडली होती म्हटलं, सांजोऱ्या या वर्षी जरा कडक झाल्यात, तुझ्या काकूनं केल्या असतील. निंबाचा झोका अजून तिथंच बांधतात. वखारीला नवीन पत्रे टाकलेत. मोठ्यानं बोलत होते, बाहेर नीट ऐकू जावं म्हणून. मधेमधे थांबत होते, पलीकडून कोणी हं म्हणेल तेवढं थांबत होते. तिची आई गेल्याचं सांगितलं नाही.

बाहेर पाण्याचा पेला खाली ठेवल्याचा आवाज आला. मग नानांनी हाक मारली, थोडी बिचकत, पण वखारीतलीच.

"बरी शे ना वं हर्षी?"

"ओ, नाना," मी म्हटलं. "बरी शे."